विश्लेषण : ॲनिमेशनमधली रेल्वे खंडाळ्याच्या घाटात रूळ का सोडते?

कर्जतहून निघालेली गाडी पळसदरी, ठाकूरवाडी, मंकी हिल, खंडाळा असे टप्पे पार करत लोणावळ्याला पोहोचते. हीच चढण संगणकावर थ्रीडी ॲनिमेशनमध्ये दाखवायला घेतली, की पहिल्या प्रयत्नात गाडी हवेत तरंगते, डबे आडवे चालतात, नाहीतर कॅमेरा अचानक उलटा होतो. चूक बहुतेक वेळा मॉडेलमध्ये नसून ‘कन्स्ट्रेंट’मध्ये असते. सबमिशनच्या आदल्या रात्री असे झाले, की अनेक विद्यार्थी फाइल पुसून पुन्हा सुरुवात करतात. त्याची गरज नसते. ‘ब्लेंडर’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये या चुका कशा शोधायच्या, ते समजून घेऊ.

कन्स्ट्रेंट म्हणजे काय?

कन्स्ट्रेंट म्हणजे वस्तूच्या हालचालीवर घातलेले बंधन. ‘या रुळावरूनच चाल’, ‘या वस्तूकडेच बघ’, ‘याच्या मागे जा’ अशा सूचना एकदा दिल्या, की प्रत्येक फ्रेमला वस्तू हाताने हलवावी लागत नाही. ब्लेंडर २००२ पासून मुक्त स्रोत आहे. २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियाचा ‘फ्लो’ याच सॉफ्टवेअरवर तयार झाला. त्यामुळे महागडा परवाना न घेता शिकणाऱ्यांचा ओढा त्याकडे आहे.

गाडी रुळांपासून लांब का दिसते?

रुळाच्या जागी वक्र रेषा काढून इंजिनाला ‘फॉलो पाथ’ लावला जातो. पण इंजिनाची मूळ जागा शून्य नसेल, तर तेवढे अंतर रुळापासूनच्या अंतरात मिळवले जाते आणि गाडी दरीत तरंगते. ऑल्ट आणि जी दाबून लोकेशन शून्य केले, की इंजिन रुळावर येते. गाडी जागची हलतच नसेल, तर ‘ॲनिमेट पाथ’ दाबायचे राहिलेले असते. आडवी चालत असेल, तर ‘फॉलो कर्व्ह’ सुरू करून पुढची दिशा दाखवणारा अक्ष बदलावा.

डबे बोगद्याच्या भिंतीत का घुसतात?

संपूर्ण डबा एकाच बिंदूने रुळाला बांधलेला असतो म्हणून. खरा डबा दोन बोगींवर टेकलेला असतो आणि वळणावर दोन्ही बोगी स्वतंत्रपणे वळतात. ॲनिमेशनमध्येही तेच करावे. प्रत्येक बोगीच्या जागी एक ‘एम्प्टी’, म्हणजे न दिसणारा बिंदू ठेवून दोघांना फॉलो पाथ लावावा. डब्याला पुढच्या बिंदूची जागा ‘कॉपी लोकेशन’ने द्यावी आणि मागच्या बिंदूकडे ‘डॅम्प्ड ट्रॅक’ने वळवावे.

बँकर इंजिन जोडताना काय चुकते?

बोरघाटात चढ दर ३७ मीटरला १ मीटर इतका तीव्र आहे. त्यामुळे लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिने जोडली जातात. पुढचे इंजिन ओढते, मागची ढकलतात. कपलिंगवरचा ताण त्यामुळे आवाक्यात राहतो. हे पाहून विद्यार्थी गाडीला बँकरशी आणि बँकरला गाडीशी बांधतात. सॉफ्टवेअरला मात्र आधी कोणाची जागा मोजायची ते कळत नाही. याला ‘डिपेन्डन्सी सायकल’ म्हणतात. गाडी थरथरते किंवा एक फ्रेम मागे राहते. उपाय एकच : मालक एक ठेवायचा. गाडी आणि बँकर दोघांनाही त्याच रुळावर वेगवेगळ्या ‘ऑफसेट’ने चालवावे, एकमेकांना बांधू नये.

चिक्कीवाला उडी का मारतो?

फलाटावरचा चिक्की विक्रेता डब्यात चढल्यावर त्याला ‘चाइल्ड ऑफ’ने डब्याशी बांधले, की कधी तो भलतीकडेच जातो. ‘सेट इन्व्हर्स’ दाबले, की जागेवर येतो. उतरताना ‘इन्फ्लुअन्स’ एकवरून शून्यावर आणला, तर तो पुन्हा चढला त्या फलाटावर दिसतो, कारण त्याची स्वतःची नोंद तिथलीच असते. म्हणून बंधन सोडायच्या फ्रेमवर ‘अप्लाय व्हिज्युअल ट्रान्सफॉर्म’ करून नवी जागा की-फ्रेमने नोंदवावी.

जुने रिव्हर्सिंग स्टेशन दाखवायचे असेल तर?

घाटातील रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली, तेव्हा खंडाळ्याजवळ गाडीला दिशा बदलावी लागे. इंजिन दुसऱ्या टोकाला लावून गाडी उलट दिशेने पुढे जाई. १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर हे स्टेशन वापरातून गेले. हा प्रसंग एकाच वक्र रेषेवर दाखवला, तर टोकावर सगळे डबे गर्रकन फिरतात. त्यासाठी दोन स्वतंत्र रेषा आणि दोन फॉलो पाथ लागतात. थांबण्याच्या फ्रेमवर पहिल्याचा इन्फ्लुअन्स शून्य आणि दुसऱ्याचा एक करावा. दुसऱ्या रेषेवर पुढचा अक्ष उणे निवडावा. मग डबे तोंड न फिरवता मागे चालतात.

कॅमेरा उलटा का होतो?

पुलाखाली ठेवलेल्या कॅमेऱ्याला ‘ट्रॅक टू’ लावला आणि गाडी थेट डोक्यावरून गेली, तर वरची बाजू कोणती हे ठरवता येत नाही आणि चित्र गर्रकन फिरते. तिथे डॅम्प्ड ट्रॅक वापरावा. चौकट थोडी तिरकी होऊ शकते, पण झटका बसत नाही.

चूक शोधण्याचा क्रम कोणता?

- कन्स्ट्रेंटचे नाव लाल दिसते का पाहावे. लाल म्हणजे टार्गेट निवडलेले नाही किंवा सेटिंग अमान्य आहे.
- डोळ्याच्या चिन्हाने एकेक कन्स्ट्रेंट बंद करावा. ज्याला बंद केल्यावर बिघाड थांबतो, तोच तपासावा.
- कन्स्ट्रेंट वरून खाली या क्रमाने लागू होतात. क्रम बदलला की परिणाम बदलतो.
- वस्तूचे स्केल एक नसेल, तर कंट्रोल आणि ए दाबून ते अप्लाय करावे.
- ‘वर्ल्ड’ आणि ‘लोकल’ यांपैकी कोणती स्पेस निवडली आहे ते बघावे.

सगळे जुळल्यावर फाइलची प्रत ठेवून ‘बेक ॲक्शन’मध्ये ‘व्हिज्युअल कीइंग’ निवडावे. हालचाल की-फ्रेममध्ये उतरते. कन्स्ट्रेंट काढायचे ते त्यानंतरच. आधी काढले तर गाडी पुन्हा मूळ जागी जाते.