पहारेकऱ्याची हजेरी

31 जानेवारी 2017 च्या रात्री गिटलॅब कंपनीच्या एका अभियंत्याने डेटाबेसची डिरेक्टरी पुसायला घेतली. पुसायची होती दुय्यम सर्व्हरवरची. पुसली गेली मुख्य सर्व्हरवरची. चूक ध्यानात येऊन त्याने हात आवरला, तोवर सुमारे 300 जीबींपैकी साडेचार जीबीच उरले होते. खरा धक्का त्यानंतर बसला. रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा असल्याने रोज नापास होत होता. तसे कळवणारे ईमेलही निघत होते, पण त्यांवर प्रेषकाची डिजिटल खूण नसल्याने ते परस्पर नाकारले जात होते. तक्रार येत नाही, म्हणजे सगळे ठीक, असे सारे धरून चालले होते. सुमारे सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी काढलेली एक प्रत हाताशी होती, म्हणून निभावले.

हाच धोका रेप्लिकेशन क्लस्टरमध्ये अधिक छुपा असतो. तिथे एक प्रायमरी सर्व्हर नव्या नोंदी लिहून घेतो आणि स्टँडबाय सर्व्हर त्यांची नक्कल ठेवत जातात. प्रायमरी बंद पडला, तर त्याची जागा कोणी घ्यायची हे ठरवायला प्रत्येक सर्व्हरवर एक डीमन, म्हणजे पडद्यामागे अखंड चालणारा प्रोग्राम, बसवतात. पोस्टग्रेस डेटाबेससाठी रेपएमजीआर हे असे एक परिचित साधन आहे. मूळ मांडणीनुसार त्याचा डीमन दर दोन सेकंदांनी प्रायमरीची चौकशी करतो. उत्तर आले नाही, तर दहा-दहा सेकंदांच्या अंतराने सहा वेळा प्रयत्न करतो. एवढे करूनही शांतता असेल, तर उरलेल्या स्टँडबायांपैकी कोणाकडे सर्वांत ताज्या नोंदी आहेत ते पाहून त्याला बढती मिळते.

गोम अशी, की हा डीमन मेला तरी नक्कल करण्याचे काम बिनबोभाट चालू राहते. नोंदी येतात, ग्राहक खूश असतात. रात्रीच्या गस्तवाल्याची शिट्टी ऐकू आली नाही, तर चोर आले नाहीत की तो स्वतःच झोपला, हे घरात पडून कळत नाही, तसेच हे. डीमन गेल्याचे कळते ते प्रायमरी पडतो तेव्हाच.

म्हणून रेपएमजीआरमध्ये 'सर्व्हिस स्टेटस' ही आज्ञा आहे. ती दिली की प्रत्येक नोडमागे, म्हणजे क्लस्टरमधल्या प्रत्येक सर्व्हरमागे, एक ओळ येते: भूमिका कोणती, डीमन चालू आहे का, त्याचा प्रोसेस क्रमांक, तो थांबवून ठेवला आहे का आणि ज्याच्याकडून नोंदी घ्यायच्या तो सर्व्हर शेवटचा कधी दिसला. यांतला 'थांबवलेला' हा रकाना सर्वांत फसवा, असे मला वाटते. देखभालीसाठी सर्व्हर बंद करताना डीमनने घाईने दुसऱ्याला गादीवर बसवू नये, म्हणून त्याला आधी 'पॉज' करतात. काम संपते, चहा येतो आणि पॉज काढायचा राहून जातो. डेटाबेस पुन्हा सुरू केला तरी ही स्थिती टिकून राहते. डीमन 'चालू' दिसतो. वेळ आली की मात्र ढिम्म हलत नाही.

आणखी एक मर्यादा आहे. ही आज्ञा ज्या नोडवरून द्याल, त्याच्याच नजरेतले चित्र ती दाखवते. न दिसणारा नोड मेला आहे, की फक्त वाट अडली आहे, हे दुरून सांगता येत नाही. संदेशाला किती उशीर होईल याची हमी नसलेल्या जाळ्यात एक जरी यंत्र बंद पडण्याची शक्यता असेल, तर एकमताची खात्री देता येत नाही, हे फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी 1985 मध्ये गणिताने सिद्ध केले. 21 ऑक्टोबर 2018 ला गिटहबचे सगळे पहारेकरी जागे होते. 43 सेकंद संपर्क तुटला, तेवढ्यात प्रायमरीपद अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून पश्चिमेकडे गेले. पूर्वेकडच्या काही नोंदी तिकडे पोचल्याच नव्हत्या. घडी नीट बसायला 24 तास 11 मिनिटे लागली. एक मिनिट वाट पाहणाऱ्या डीमनने हे 43 सेकंद कदाचित निभावून नेले असते.

तुम्ही असा क्लस्टर सांभाळत असाल, तर स्टेटसची तपासणी क्लस्टरबाहेरच्या यंत्रावरून ठरावीक वेळाने करा आणि बिघाडाच्या ईमेलवर विसंबू नका. 'ठीक आहे' हा निरोप वेळेवर आला नाही की घंटा वाजली पाहिजे. आणि देखभालीच्या कामांच्या यादीत शेवटची ओळ लिहून ठेवा: पॉज काढला का?