सशाचें शिंग

न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला आरंभींच जे कांहीं मासलेवाईक दृष्टांत भेटतात, त्यांत सशाचें शिंग हा एक होय. जें मुळींच नाहीं त्याचें उदाहरण द्यावयाचें झालें, कीं शास्त्रीमंडळी सशाच्या डोक्यावर शिंग बसवितात. हा दृष्टांत मीं वर्गांत तीस वर्षें सांगितला. परंतु त्याचा खरा अर्थ मला उमगला तो संस्कृतच्या तासाला नव्हे, तर चित्रकलेच्या. तो कसा उमगला, आणि तो उमगल्यावरहि माझ्या हातून काय प्रमाद घडला, हें वाचकांपुढें मांडावें एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

मी निवृत्त झालों त्याच्या आदल्या वर्षींची ही गोष्ट. आमची शाळा रायगड जिल्ह्यांत, खाडीच्या कांठीं. चित्रकलेचे शिक्षक दीर्घ मुदतीच्या रजेवर गेलेले, आणि स्नेहसंमेलनांतील चित्रप्रदर्शन तर तीन महिन्यांवर आलेलें. मुख्याध्यापकांनीं तें काम माझ्या गळ्यांत घातलें. मला धड सरळ रेघहि ओढतां येत नाहीं, असें मीं सांगून पाहिलें. "रेघा मुलें ओढतील, तुम्ही नुसता विषय द्या," असें उत्तर मिळालें. मीं विषय दिला, 'आजवर कोणीं न पाहिलेला प्राणी.'

विषय फळ्यावर लागला मात्र, आक्षेप येऊं लागले. एक सहकारी म्हणाले, "एलिमेंटरीच्या परीक्षेला वस्तुचित्र लागतें, राक्षस नव्हे." एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं तर शाळेंत येऊन विचारलें, "सर, मुलांना आम्ही घरीं खरें बोलावयास शिकवितों. तुम्ही खोटें काढावयास कां शिकवितां?" गृहस्थ सुशिक्षित होते आणि प्रश्न मनापासून विचारीत होते. त्या वेळीं मजजवळ त्याचें उत्तर नव्हतें.

आठ दिवसांनीं अडतीस चित्रें जमलीं. त्यांपैकीं एकोणतीस चित्रांत पंख फुटलेला आणि तोंडांतून ज्वाळा ओकणारा एकच एक सर्प होता, आणि सहांत कपाळावर शिंग असलेला पांढरा घोडा. मोबाईलच्या पडद्यावर आणि दूरदर्शन संचावर रोज दिसणारे हे प्राणी मुलांनीं जसेच्या तसे उतरविले होते. मीं कोणीं न पाहिलेला प्राणी मागितला होता. आला तो सर्वांनीं पाहिलेला! मुलांना दोष देण्यांत अर्थ नव्हता. कल्पना करा, असें आपण सांगतों. पण ती कशाची करावयाची, हें कोणीच सांगत नाहीं.

त्या दिवशीं मला जुना दृष्टांत आठवला. मीं फळ्यावर 'सशाचें शिंग' एवढेच शब्द लिहिले आणि विचारलें, "ह्यांत खोटें काय आहे?" पुष्कळांनीं "सगळेंच" म्हटलें. मागच्या बांकावरचा एक मुलगा मात्र थांबून म्हणाला, "सर, ससा खरा आहे, शिंगहि खरें आहे, मधला प्रत्यय तेवढा खोटा आहे." वाचकहो, नैयायिकांनीं ज्याच्यासाठीं पानेंच्या पानें खर्चिलीं, तें त्या पोरानें षष्ठीच्या एका प्रत्ययांत सांगून टाकलें. ससा जगांत आहे, शिंग जगांत आहे. त्या दोहोंचा संबंध मात्र नाहीं. म्हणजे अत्यंत अद्भुत अशी कल्पनाहि शून्यांतून निर्माण होत नसते. तिचे अवयव खरे असतात. जोडणी तेवढी नवी असते. मग ज्याला ससाच नीट ठाऊक नाहीं, तो त्याला शिंग कोठें बसविणार?

मीं मुलांना आधीं साधा ससा काढावयास सांगितलें. कान कोणालाहि साधले. परंतु मागचे पाय पुढच्यांहून केवढे लांब, बसला म्हणजे ते कसे दुमडतात, हें एकालाहि सांगतां येईना. तेव्हां मीं अद्भुत प्राणी पंधरा दिवस बंद ठेविला. ह्या पंधरा दिवसांत प्रत्येकानें वहींत केवळ पाहिलेलें काढावयाचें, असा नियम केला. कोणी गोठ्यांत जाऊन गाय कशी बसते तें पाहिलें, कोणी खाजणांत खेकड्याचे पाय मोजले. कोंबडीचा पंजा, वटवाघळाचा पंख, एका पायावर उभा राहिलेला बगळा, ह्यांनीं वह्या भरूं लागल्या. रंग घरचेच होते. गेरू, कोळसा, हळद आणि नीळ ह्यांपलीकडे फारसा खर्च आला नाहीं.

त्यानंतर एका रविवारीं आम्ही जंजिरा पाहावयास गेलों. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीनें निघालें म्हणजे किल्ल्याचा तट दिसत असतो, पण दरवाजा दिसत नाहीं. तो तटाच्या वळणांत असा लपविला आहे, कीं होडी अगदीं जवळ गेल्यावरच दृष्टीस पडतो. त्या दरवाज्यापाशीं भिंतींत एक शिल्प बसविलेलें आहे. सिंहासारखा दिसणारा एक पशु असून त्यानें आपल्या पंजांत हत्ती धरिले आहेत. हा शरभ. महाराष्ट्रांतील अनेक किल्ल्यांच्या दरवाज्यांवर तो आढळतो. पुराणांत त्याला आठ पाय सांगितले आहेत. नृसिंहाचा आवेश शमविण्यासाठीं शंकरानें हेंच रूप घेतल्याची कथा शैव पुराणांत आहे. कालिदासानें मेघदूतांत हिमालयावर मेघाकडे झेपावणारे शरभ वर्णिले आहेत. आणि मौज अशी, कीं अमरसिंहानें आपल्या कोशांतील सिंहादिवर्गांत ह्या शरभाला गवा आणि ससा ह्यांच्याच पंक्तीला बसविलें आहे. हा खरा आणि हा कल्पित, असा पंक्तिभेद त्यानें केला नाहीं.

मुलें बराच वेळ त्या शिल्पापुढें उभीं होतीं. एक मुलगी म्हणाली, "सर, हत्ती केवढे लहान! मांजराच्या पिलांएवढे." तिच्या तोंडून एक मोठें तत्त्व बाहेर पडलें होतें. शरभ केवढा हें कोणालाच ठाऊक नाहीं. पण हत्ती केवढा हें सर्वांना ठाऊक आहे. पाथरवटानें हत्ती लहान केला आणि त्याची सोंड, कान मात्र ओळखूं येतील असे ठेविले. एवढ्यानेंच शरभ प्रचंड झाला. कामसूत्रावरील जयमंगला टीकेंत यशोधरानें चित्राचीं जीं सहा अंगें सांगितलीं आहेत, त्यांत रूपभेदाबरोबर प्रमाण, भाव आणि सादृश्य हींहि आहेत. प्रमाण म्हणजे काय, हें मीं पोथींतून शिकविलें असतें तर महिना लागला असता. तें त्या दगडानें घटकाभरांत शिकविलें.

परत येतांना होडींत मीं त्यांना गेंड्याची हकीकत सांगितली. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा ह्यानें पोर्तुगीजांना एक गेंडा भेट दिला. तो गोव्याहून जहाजानें निघून 1515 सालच्या मे महिन्यांत लिस्बन येथें पोहोंचला. जर्मनींतील न्यूरेंबर्ग शहरीं राहणाऱ्या आल्ब्रेख्ट ड्यूरर ह्या थोर चित्रकारानें तो प्राणी कधींच पाहिला नाहीं. कोणाचें तरी पत्र आणि एक ओबडधोबड रेखाटन, एवढ्या आधारावर त्यानें त्याच वर्षीं गेंड्याचा लांकडी ठसा कोरला. त्याच्या गेंड्याचें कातडें चिलखताच्या पत्र्यांसारखें आहे, आणि खांद्यांवर एक छोटें शिंग जास्तीचें आहे! तरीहि तें चित्र इतकें जिवंत उतरलें, कीं पुढें दोन शतकांहून अधिक काळ युरोपांतील पुष्कळ लोक गेंडा म्हणून तेंच ओळखीत होते. दुसऱ्या दिवसापासून वर्गांत हाच खेळ सुरू झाला. एकानें आपल्या वहींतील प्राण्याचें तोंडीं वर्णन करावयाचें आणि दुसऱ्यानें तो न पाहतां काढावयाचा. ह्या खेळानें मुलांची चित्रकला किती सुधारली तें मी सांगूं शकत नाहीं. त्यांचें मराठी मात्र निश्चित सुधारलें. "कसा तरी वांकडा" असें म्हणून भागेना. कोयत्यासारखा वांकडा कीं गळासारखा, हें सांगावें लागे.

शेवटीं मीं त्यांना नवगुंजराची कथा सांगितली. ओडिया भाषेंतील सारळा दासाच्या महाभारतांत ती आहे. अर्जुन डोंगरावर तप करीत असतां नऊ प्राण्यांचे अवयव एकत्र झालेला एक विलक्षण जीव त्याच्यापुढें आला. कोंबड्याचें डोकें, मोराचा गळा, बैलाचें वशिंड, सिंहाची कंबर, सापाची शेपटी. अर्जुनानें भयानें धनुष्य उचललें. इतक्यांत त्याला दिसलें, कीं ह्याच्या चार पायांपैकीं एका पायाच्या ठिकाणीं मनुष्याचा हात आहे. त्यानें धनुष्य खालीं ठेविलें आणि हात जोडले; तो श्रीकृष्ण होता.

आतां जीं चित्रें येऊं लागलीं, त्यांत पंखवाला सर्प एकहि नव्हता. मिठागरांतून चालणारा, बगळ्याच्या पायांचा मासा आला. पावसाळ्यांत गळणाऱ्या छपरावर पंख पसरून बसणारें एक भलें मोठें वटवाघूळ आलें. मी हर्षभरित झालों. आणि त्या हर्षाच्या भरांतच माझ्याकडून चूक झाली.

आठवींतील एक अबोल मुलगी होती. तिनें बसलेला प्राणी काढला होता. धड गाईचें, कान शेळीचे, अंगावर कोंबडीच्या पंखांचें पांघरूण. सर्व कसें नेटकें होतें. पण पुढचा एक पाय तिनें भलताच काढला होता. तो छातीखालीं दुमडण्याऐवजीं कोपरांत वांकून, आडवा, पुढें पसरलेला होता. गाय अशी बसत नाहीं! पंधरा दिवस मीं तेंच तर शिकविलें होतें. मीं तिच्या हातून पेन्सिल घेतली, रबरानें तो पाय पुसला आणि ज्या मनुष्याला रेघ ओढतां येत नाहीं, त्यानें तो गाईसारखा दुमडून दिला. "आतां पाहा बरें," मी म्हणालों. ती "हो सर" म्हणाली आणि चित्र घेऊन जागेवर गेली.

प्रदर्शनाच्या दिवशीं तिची आई आली. चित्रापुढें ती बराच वेळ उभी होती. मग मजजवळ येऊन संकोचानें म्हणाली, "सर, हिनं पाय बदलला कां हो?" मीं विचारलें, "कां? पूर्वीं कसा होता?" तेव्हां तिनें सांगितलें, "हिची आजी कंबर मोडल्यापासून अंथरुणाला आहे. तिला उशी टोंचते, म्हणून रात्रीं ही तिच्या डोक्याखालीं हात घालून निजते. दिवसा ही शाळेंत येते, मग आजीजवळ कोण? म्हणून हा प्राणी केला होता हिनं. तो पाय आजीच्या उशाला होता."

मला त्यावर एक शब्दहि बोलतां आला नाहीं. नवगुंजराच्या अंगावरील मनुष्याचा हात पाहून अर्जुनानें धनुष्य खालीं ठेविलें, असें मीच वर्गांत रंगवून सांगितलें होतें. आणि मजपुढें तोच हात आला तेव्हां मीं रबर उचललें! यशोधराच्या सहा अंगांपैकीं मी सादृश्य तेवढें शोधीत बसलों. भाव माझ्या बोटांखालीं पुसला गेला.

दुसऱ्या दिवशीं मीं त्या मुलीची वर्गांत, सर्वांसमक्ष, क्षमा मागितली आणि तिला कोरा कागद दिला. तिनें दोनदां प्रयत्न केला. दुसऱ्या वेळीं कागद परत आणून देत ती म्हणाली, "सर, आतां तो गाईचाच येतो." तिच्या बोलण्यांत राग नव्हता. तो असता तर मला बरें वाटलें असतें.

त्या गृहस्थांच्या प्रश्नाचें उत्तर मला आतां देतां येतें. मुलें कल्पित काढतात तें खोटें नसतें. अवयव त्यांनीं जगांतून घेतलेले असतात, आणि जोडणीचें कारण बहुधा घरांतील असतें. ज्याची घरांत उणीव आहे, तेंच तीं जोडून काढतात. आपण वडील माणसें नेमका तो सांधाच चुकीचा म्हणून पुसावयास जातों.

आपल्या घरांतहि हें रोज घडत असतें. मूल कागद घेऊन धांवत येतें. ओसरीवर आजोबा, काका, आत्या असतात. कोणी "हें काय काढलेंस?" म्हणून हंसतो, कोणी "घोड्याला कधीं सहा पाय असतात कां?" म्हणून विचारतो, आणि कोणी अधिक प्रेमळ असेल तर पेन्सिल घेऊन नीट करून देतो. ह्यांतला शेवटचा सर्वांत घातक. तो मी होतों. माझी वाचकांना एवढीच विनंति आहे, कीं मुलाला पाहावयास अवश्य शिकवा. गोठा दाखवा, समुद्र दाखवा, किल्ल्याच्या दरवाज्यावरचा शरभ दाखवा. परंतु तें काढावयास बसलें, कीं आपले हात मागें बांधा. आणि विचारावयाचेंच असेल तर हा प्राणी काय खातो, कोठें राहतो, रात्रीं कोणाजवळ निजतो, हें विचारा.

माझा नातू आतां सहा वर्षांचा आहे. परवां त्यानें तीन पायांचा एक हत्ती आणून दाखविला. चौथ्या पायाविषयीं विचारण्याचा मोह मला झाला नाहीं, असें म्हणवत नाहीं, पण पेन्सिल मीं चष्म्याच्या घरांत ठेविली आणि विचारलें, "हा कोठें निघाला आहे रे?" तो माझ्या मांडीवर येऊन बसला आणि सांगूं लागला. जेवणाची हांक येईपर्यंत तें सांगणें संपलें नव्हतें.