बंद खोलीतला गांजा : विज्ञान, परवानगी आणि शिक्षा

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या सामानातून ‘हायड्रोपोनिक गांजा’ जप्त झाल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत वारंवार प्रसिद्ध झाल्या आहेत. हायड्रोपोनिक म्हणजे मातीविना, पोषकद्रव्ये विरघळवलेल्या पाण्यावर वाढवलेला. व्यवहारात मात्र बंद जागेत, कृत्रिम उजेडाखाली पिकवलेल्या कोणत्याही गांजाला हे नाव सर्रास दिले जाते. याच लागवडीची घरगुती आवृत्ती म्हणजे कपाटाएवढ्या तंबूत वाढवलेली रोपे. जर्मनी, कॅनडासारख्या देशांत प्रौढ नागरिकांना अशी मोजकी रोपे घरी लावण्याची मुभा मिळाली आणि त्यासंबंधीचे प्राथमिक धडे जगभर पसरले. ते वाचणाऱ्या पुण्या-मुंबईच्या तरुणाला त्यात बागकामाचा एक नवा छंद दिसतो. ज्या देशाच्या कायद्याच्या आधारावर ते धडे लिहिले गेले, त्याचा उल्लेख बहुधा त्यात नसतो. त्यामुळे हा तंबू नेमके काय करतो आणि कायदा त्याकडे कसे पाहतो, हे दोन्ही समजून घेणे आवश्यक ठरते.

तंबूतला सूर्य

लागवडीचा तंबू ही वस्तू दिसायला साधी असते. धातूच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर उजेड आत-बाहेर जाऊ न देणारे जाड कापड, आतल्या बाजूला प्रकाश परावर्तित करणारे चंदेरी अस्तर, पुढे चेन आणि वायर व हवेची नळी जाण्यासाठी भोके. आत एलईडी दिवा, तो ठरावीक वेळी चालू-बंद करणारा टायमर, हवा खेळती ठेवणारा पंखा आणि तापमान-आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र. बाहेरच्या ऋतूशी आतल्या रोपाचा संबंध तोडायचा आणि सूर्य, वारा व पाऊस या तिन्हींचे काम आपल्या हाती घ्यायचे, एवढाच या साऱ्या मांडणीचा हेतू असतो.

यामागचे विज्ञान शंभर वर्षांहून जुने आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन शास्त्रज्ञांना तंबाखूच्या एका वाणाने कोड्यात टाकले होते. ‘मेरीलँड मॅमथ’ नावाचा हा वाण उन्हाळ्यात प्रचंड वाढे. पण फुलावर येत नसे. त्यांनी काही कुंड्या रोज ठरावीक वेळी अंधाऱ्या खोपट्यात ठेवून त्यांचा ‘दिवस’ आखूड केला आणि ती रोपे फुलली. वनस्पतीला दिवस-रात्रीच्या लांबीची जाण असते व त्यावरून ती फुलण्याची वेळ ठरवते, हा निष्कर्ष त्यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केला. आजचा तंबू हा त्याच अंधाऱ्या खोपट्याचा वंशज होय.

हे तत्त्व आपल्याकडेही परके नाही. शेवंती हे आखूड दिवसांत फुलणारे झाड आहे. म्हणूनच तिचे व्यावसायिक उत्पादक रात्री दिवे लावून फुलोरा लांबवतात किंवा काळे कापड पसरून तो लवकर आणतात. गांजाचे झाडही बहुतांशी याच प्रकारात मोडते. दिवस मोठा असेपर्यंत ते पाने आणि फांद्या वाढवते. रात्र लांबू लागली की फुलांकडे वळते. तंबूत हा बदल पंचांग करत नाही, टायमर करतो.

सारे काही फुलाभोवती

या झाडाच्या बाबतीत फुलाला इतके महत्त्व का, हे कळले की कायद्याची भाषाही उलगडते. गांजाची नर आणि मादी झाडे सहसा वेगळी असतात. मादी फुलांच्या तुऱ्यांवर राळेने भरलेल्या सूक्ष्म ग्रंथी असतात आणि नशा आणणाऱ्या द्रव्याचा मुख्य साठा तेथेच असतो. हे द्रव्य म्हणजे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, संक्षेपाने टीएचसी. इस्रायलमधील राफाएल मेशुलम आणि येखिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये ते शुद्ध स्वरूपात वेगळे करून त्याची रचना निश्चित केली. फुलाचे परागीभवन झाले नाही तर झाडाची शक्ती बियांऐवजी तुरे आणि राळ यांत खर्ची पडते.

हे गुपित प्रयोगशाळांच्या कितीतरी आधी शेतकऱ्यांना ठाऊक होते. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या १८९३-९४ च्या भारतीय हेम्प ड्रग्ज आयोगाने बंगालमधील नौगावच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातील, गांजाच्या लागवडीची तपशीलवार नोंद केली आहे. शेतातील नर झाडे ओळखून उपटून टाकणारे जाणकार तेथे मोबदला देऊन बोलावले जात.

बंद जागेतील लागवडीने आणि निवडक पैदाशीने या जुन्या ज्ञानाला वेगळेच टोक गाठून दिले. अमेरिकेत जप्त झालेल्या मालाच्या तपासणीत टीएचसीचे सरासरी प्रमाण १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के होते. २०१४ पर्यंत ते सुमारे १२ टक्क्यांवर गेले. ‘वनस्पतीच तर आहे’ असे म्हणताना ही वाढलेली तीव्रता नजरेआड होते. तीव्र गांजाचे नियमित सेवन आणि मनोविकाराचे झटके यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांना हा धोका अधिक असतो.

परवानगी आहे, पण मोजून

जर्मनीत १ एप्रिल २०२४ रोजी लागू झालेल्या कायद्याने अठरा वर्षांवरील व्यक्तीला स्वतःच्या सेवनासाठी घरी तीन रोपे लावण्याची मुभा दिली. मात्र तिला अटींचे कुंपण आहे. त्या व्यक्तीचे जर्मनीत किमान सहा महिने वास्तव्य हवे. घरी ५० ग्रॅम आणि घराबाहेर जवळ २५ ग्रॅम सुका गांजा बाळगता येतो. रोपे मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी व्यवस्था करावी लागते. घरी पिकवलेला गांजा मित्राला फुकट देण्यासही मनाई आहे. तीनपेक्षा अधिक रोपे लावली तर पुन्हा फौजदारी गुन्हाच. उच्च शिक्षणासाठी तेथे गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांनी ही चौकट ध्यानात ठेवायला हवी. सहा महिने पूर्ण होण्याआधी लावलेले एक रोपही तिच्या बाहेर जाते.

उरुग्वेने २०१३ मध्ये कायदा करून नोंदणी केलेल्या नागरिकांना सहा रोपांची परवानगी दिली. कॅनडाच्या १७ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने एका घराला चार रोपांची मर्यादा घातली. पण क्युबेक प्रांताने घरगुती लागवडीला बंदी केली आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ती वैध ठरवली. थायलंडने जून २०२२ मध्ये ही वनस्पती अमली पदार्थांच्या यादीतून वगळली आणि जून २०२५ मध्ये फुलांच्या विक्रीसाठी वैद्यकीय चिठ्ठी सक्तीची केली. थोडक्यात, एकाच देशात प्रांत बदलला किंवा तीन वर्षे उलटली, तरी काल कायदेशीर असलेली गोष्ट आज बेकायदा ठरू शकते.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांसाठी आणखी एक सूक्ष्म धोका आहे. अनेक राज्यांनी गांजाला मुभा दिली असली तरी नागरिकत्वाचा निर्णय संघराज्याच्या कायद्यानुसार होतो. तेथील नागरिकत्व व स्थलांतर सेवेने एप्रिल २०१९ मध्येच स्पष्ट केले होते, की राज्यात वैध असलेला गांजाचा व्यवहारही संघराज्याच्या कायद्याचा भंग करणारा असेल, तर नागरिकत्वासाठी लागणाऱ्या ‘चांगल्या वर्तना’च्या अटीआड येऊ शकतो.

भारतात एक रोपही गुन्हा

भारतात या विषयाचे नियमन गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ हा कायदा करतो. ‘एनडीपीएस’ या संक्षिप्त नावाने तो ओळखला जातो. या कायद्याने गांजाची व्याख्या करताना झाडाच्या फुलांचे किंवा फळांचे शेंडे एवढाच अर्थ घेतला आहे. शेंडे सोबत नसतील तर पाने आणि बिया या व्याख्येत येत नाहीत. भांग या पानांपासून बनते, म्हणून तिचे नियमन राज्यांकडे आले. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी अधिनियम त्यासाठी आहे.

नेमका येथेच मोठा गैरसमज होतो. पानांना सूट आहे, तर फुलावर न आलेले कुंडीतले रोप निरुपद्रवी असले पाहिजे, असा तर्क लढवला जातो. तो चुकीचा आहे. कायद्याने ‘गांजा’ आणि ‘गांजाचे झाड’ या दोन गोष्टींच्या व्याख्या वेगळ्या केल्या आहेत. दुसऱ्या व्याख्येत त्या वनस्पती-प्रजातीचे कोणतेही झाड येते. नर की मादी, फुललेले की कोवळे, हा प्रश्नच उरत नाही. कलम ८ झाडाच्या लागवडीला मनाई करते आणि कलम २० त्यासाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करते.

गांजा जवळ बाळगण्याच्या गुन्ह्यात वजनाला महत्त्व असते. एक किलोपेक्षा कमी प्रमाण ‘अल्प’ मानले जाते व त्याला एक वर्षापर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वीस किलोहून अधिक म्हणजे ‘व्यापारी’ प्रमाण. तेथे शिक्षा किमान दहा वर्षे. लागवडीला अशी पायरीच नाही. एका रोपासाठी आणि एका शेतासाठी कमाल शिक्षेची मर्यादा सारखीच आहे. प्रत्यक्षात किती शिक्षा द्यायची, हे न्यायालय ठरवते. दहा ग्रॅम गांजा बाळगणाऱ्यापेक्षा एक रोप जोपासणारा कायद्याच्या लेखी अधिक कठोर शिक्षेस पात्र ठरू शकतो, याची कल्पना फारच थोड्यांना असते.

आपोआप उगवलेले झाड आणि हेतुपुरस्सर लावलेले झाड यांतील फरक बचावात मांडता येतो. परसातल्या झाडाबाबत असा युक्तिवाद संभवतो. दिवे, टायमर आणि पंखा बसवलेल्या तंबूत मात्र त्याला जागाच राहत नाही. ती मांडणीच हेतूचा पुरावा ठरते.

घरमालकांचाही यात संबंध येतो. आपल्या ताब्यातील घर किंवा खोली अशा गुन्ह्यासाठी वापरू देणाऱ्याला कलम २५ नुसार मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा होऊ शकते. अट एवढीच, की ही गोष्ट त्याने जाणूनबुजून होऊ दिलेली असावी. म्हणूनच भाडेकरूची नोंद पोलिसांकडे करणे, लेखी करार करणे आणि संशय पक्का होताच पोलिसांना कळवणे, यात मालकाचे स्वतःचेच संरक्षण आहे. एकाच सदनिकेत राहणाऱ्या विद्यार्थ्यांनीही हे कलम लक्षात ठेवावे. ते केवळ मालकापुरते नसून तेथे राहणाऱ्यालाही लागू होते.

याचा अर्थ भारतात या झाडाला सर्व दारे बंद आहेत असा नाही. धागा आणि बियांसाठी परवानगी देण्याची तरतूद कायद्यातच आहे. तिचा आधार घेऊन उत्तराखंडने २०१८ मध्ये अत्यल्प टीएचसी असलेल्या औद्योगिक हेम्पच्या लागवडीला परवाने देण्यास सुरुवात केली. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये हेम्पच्या बिया, त्यांचे तेल व पीठ यांना अन्नपदार्थ म्हणून मान्यता दिली. परंतु हे सारे परवान्याच्या आणि तपासणीच्या वाटेने चालते. दुकानातली बी खाणे वेगळे आणि ती कुंडीत रुजवणे वेगळे.

तंबू वापरायचाच असेल तर

बंद जागेतील बागकाम हा छंद मात्र पूर्णपणे वैध आहे, आणि अंधाऱ्या सदनिकेत राहणाऱ्यांसाठी उपयुक्तही. गॅलरीत ऊन येत नाही अशा घरांत पालक, मेथी, पुदिना, तुळस किंवा मिरची या तंबूत चांगली येते. वर सांगितलेले दिवस-रात्रीचे गणित येथेही कामी येते. कोथिंबीर मोठ्या दिवसांत आणि उष्म्यात लवकर फुलावर येते आणि पाने कमी देते. म्हणून तिच्यासाठी दिव्याचे तास आवरते ठेवावेत आणि तंबू थंड राहील असे पाहावे.

खर्चाचा अंदाज सोपा आहे. १०० वॅटचा दिवा रोज १२ तास चालला तर दिवसाला १.२ आणि महिन्याला ३६ युनिट वीज लागते. पाणी आणि वीज यांचे सान्निध्य हा खरा धोका असतो. वायरींची जोडणी जमिनीपासून उंच ठेवावी, एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर सारी उपकरणे लादू नयेत आणि अर्थिंग तपासून घ्यावे. हवा खेळती नसेल तर भिंतींना बुरशी धरते; पावसाळ्यात याकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

तंबू, दिवा आणि टायमर विकत घेण्यावर कोणतेही बंधन नाही. पण त्यात कोणती बी रुजवायची हा प्रश्न बर्लिनमध्ये आणि पुण्यात एकसारखा सुटत नाही. परदेशी धड्यांवर विसंबून कुंडी भरण्यापूर्वी आपण कोणत्या देशाच्या कायद्याखाली राहतो, हे आधी पाहावे.