एका सालामागचे रुमाल

प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात एका कागदाचं साल मी १७७५-७६ असं दिलंय. वाचणाऱ्याची नजर त्यावरून सहज पुढे जाईल. मूळ मोडी कागदावर मात्र हे आकडे नाहीत. तिथे लिहिलंय, ‘सीत सबैन मया व अलफ’. हा सुहूर सन, अरबी शब्दांत: सहा, सत्तर, शंभर आणि हजार. म्हणजे ११७६. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन येतो. पण सुहूर वर्ष जूनच्या सुरुवातीला, मृगाला बदलतं; कागद जानेवारीतला निघाला तर ६०० मिळवायचे. त्यात मोडीचा धावता हात, शब्द तोडलेले नसतात. ‘सबा’ की ‘समान’, सात की आठ, एवढं ठरवण्यात दुपार जाते.

मी थेरगावची. पवनेच्या पलीकडे चिंचवडला मोरया गोसावींचं समाधी मंदिर. त्या देवस्थानाच्या इनाम गावांतला वसूल आणि त्यावरचे तंटे हा माझा विषय. मोरयांच्या वंशातल्या देव घराण्यावर लॉरेन्स प्रेस्टन यांचा मोठा ग्रंथ आहे, केंब्रिजने १९८९ मध्ये छापलेला. त्याच्याही कितीतरी आधी, १८०९ मध्ये, मारिया ग्रॅहम ही इंग्रज बाई चिंचवडला येऊन देवांना भेटून गेली आणि प्रवासवर्णनात लिहून गेली. मग तू नवं काय सांगणार? हे गाईड मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं, आराखडा मंजूर करणाऱ्या समितीनेही विचारलं.

मला घराण्यावर लिहायचं नाही, सारा भरणाऱ्या कुणब्यावर लिहायचंय. तो कागदात सापडतो तो बाकी थकली, बांधावरून भांडण झालं, तेव्हाच. ज्याने मुकाट्याने भरलं त्याचं यादीत नाव, पुढे आकडा, बस्स. त्याच्या मनात काय असेल हे लिहायला हात शिवशिवतो. पण कागदात नाही ते लिहायचं नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा संयम सगळ्यात जड जातो, आणि माझ्या मते खरं शिक्षण तेच.

हे कागद पुणे पुराभिलेखागारात, पेशवे दप्तरात आहेत. पिंपरीहून मेट्रो, जिल्हा न्यायालयाला बदलून पुणे स्टेशन, तिथून कौन्सिल हॉलच्या बाजूला चालत. गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड काढले, तरी तो दप्तराचा लहानसा अंश. बाकीचं अजून कापडात बांधलेल्या रुमालांत. रुमाल सोडला की जुन्या कागदाचा वास येतो, आणि दोन-तीन तास हिशेबाखेरीज काहीच हाती लागत नाही. मग मधूनच एखाद्या पाटलाचा अर्ज निघतो. त्या दिवशी परतीचा प्रवास कळतही नाही.

या कामात पोटाचाही प्रश्न असतो. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळालेल्यांना २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत. बाकीचे माझ्यासारखे, तासिका तत्त्वावर शिकवणारे. तास घेतला तर पैसे, सुट्टीत काही नाही. वर सहा वर्षांची मुदत, दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल. घर लहान. भाऊ चाकणला कंपनीत आहे. त्याची नाइट शिफ्ट असली की त्याच्या खोलीत माझे कागद पसरतात. सकाळी तो यायच्या आत सगळं आवरायचं. आई चहा देताना विचारते, “किती पानं झाली गं?” कधी कधी रात्रभरात एक तळटीप दुरुस्त झालेली असते. तेवढंच सांगते. आता ती पुढे विचारते, “कुठली?” आणि नीट ऐकून घेते.

सध्या चौथं प्रकरण चालू आहे, १८५२ च्या इनाम कमिशनवर. इंग्रज सरकारने इनामांची चौकशी लावली, तशा जुन्या सनदा आणि हिशेब पुढे करावे लागले. अशा चौकशीत गावकऱ्यांच्या जबान्याही असतील अशी मला आशा आहे. तसं असेल तर सारा भरणाऱ्याचं स्वतःचं बोलणं पहिल्यांदाच माझ्या हाती येईल. त्यासाठीचे रुमाल मागवलेत.