तंजावर पाहताना ओरत्तनाडु चुकवू नका



आज तंजावर कसे पाहायचे ते सांगतो. आपली मंडळी मोठ्या मंदिरासमोर फोटो काढतात, राजवाड्यात एक चक्कर मारतात आणि पुढची गाडी पकडतात. पण हे शहर जवळजवळ १८० वर्षे, १८५५ पर्यंत, भोसल्यांची राजधानी होते. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे इथले पहिले मराठा राजे. तेव्हा थोडा वेळ काढा.

सकाळी लवकर बृहदीश्वराला जा; दुपारी मंदिर बंद असते. राजराजा चोळाने १०१० मध्ये पुरे केलेले हे मंदिर पाहून झाले की प्राकाराच्या नैर्ऋत्य बाजूची भिंत शोधा. तिथे भोसले घराण्याचा इतिहास चक्क मराठीत, देवनागरीत कोरलेला आहे. साल १८०३. तमिळ मुलखात आपली अक्षरे वाचताना ऊर भरून येतो.

मग राजवाडा. मूळ बांधणी नायकांची, पुढची भर मराठ्यांची. दरबार हॉल पाहा आणि आवारातच असलेले सरस्वती महाल ग्रंथालय पाहा. तमिळ, तेलुगू, संस्कृत, मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागद तिथे जपले आहेत. ते वाढवणारे दुसरे सरफोजीराजे.

आता मुद्द्याचे. १७९९ च्या तहाने सरफोजींचे राज्य कंपनीकडे गेले. हाती उरला किल्ला, आसपासचा थोडा भाग, वार्षिक नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. फौज नाही, मुलूख नाही. अशा राजाने काय करावे? याचे उत्तर राजवाड्यात मिळत नाही. त्यासाठी पट्टुकोट्टईच्या रस्त्याने वीस-पंचवीस किलोमीटर दक्षिणेला ओरत्तनाडुला जावे लागते.

तिथे मुक्तांबाळ छत्रम् आहे. सरफोजींनी आपल्या प्रिय मुक्तांबाच्या नावाने ते बांधले. छत्रम् म्हणजे आपले अन्नछत्र. रामेश्वरला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी वाटेवर अशी छत्रे होती. इथल्या इमारतीला एका बाजूने रथाचा आकार दिला आहे. दगडात चाके, हत्ती, घोडे आहेत. काही भाग पडझडीला आला आहे, म्हणून जपून फिरा.

या छत्रांवर गदा येईल म्हणून सरफोजींनी १८०१ मध्ये कंपनीच्या रेसिडेंटला पत्र लिहिले. छत्रांत काय चालते ते त्यात नोंदले आहे. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानलेल्यांपर्यंत सर्वांना अन्न. शिजलेला भात नको असेल त्याला कोरडा तांदूळ आणि मसाला. मध्यरात्री घंटा वाजवून, कुणी उपाशी राहिले आहे का अशी हाळी. आजाऱ्यांना वैद्य, अनाथ मुलांना शिक्षक, तान्ह्यांना दूध. आपल्याकडे ‘अन्नछत्रात जेवायचे आणि मिरपूड मागायची’ असे टोमण्याने म्हणतात. इथे मिरपूड न मागता मिळत होती!

मी आयुष्य सैन्यात काढले. रसद नीट पोहोचवायला किती शिस्त लागते ते मला ठाऊक आहे. रोज किती माणसे येतील हे माहीत नसताना कुणालाही उपाशी न ठेवणे ही साधी गोष्ट नाही. तलवार गेल्यावरही सरफोजींनी राजाचे हे काम सोडले नाही.

म्हणून तंजावरला दोन दिवस द्या. पहिला दिवस मंदिर आणि राजवाड्याला, दुसऱ्या दिवसाची सकाळ ओरत्तनाडुला. मुलांना सोबत न्या आणि त्या घंटेची गोष्ट तिथेच उभे राहून सांगा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद!