शॉकची जखम कातडीखाली असते

पाथर्डी तालुक्यात रब्बीच्या ज्वारीला, कांद्याला पाणी भरायचे म्हटले की अनेकदा रात्रीच विहिरीवर जावे लागते, कारण थ्री फेज वीज पाळीने येते. पाय चिखलात, हात स्टार्टरवर आणि केबल कुठेतरी सोललेली. काही जण वायरमनची वाट न पाहता डीपीवर फ्यूज टाकायला चढतात. शॉक बसून फेकला गेलेला माणूस पुष्कळदा स्वतःच उठून बसतो, बोटावरचा छोटासा काळा डाग दाखवतो आणि म्हणतो, 'काही झालं नाही.' डॉक्टरांना हे वाक्य पटत नाही. त्याचे कारण पेशीच्या आवरणात आहे.

वीज भाजते, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण उष्णतेखेरीज ती आणखी एक काम करते. शरीरातील प्रथिनांवर धन आणि ऋण भार असतात आणि विद्युत क्षेत्र त्यांना ओढते किंवा ढकलते. एरवी आपले जगणे यावरच चालते. स्नायूच्या पेशीचे आवरण जेमतेम 5 नॅनोमीटर जाडीचे असते आणि त्याच्या दोन बाजूंत सुमारे 90 मिलिव्होल्टचा फरक असतो. आकडा किरकोळ वाटतो. पण एवढ्या पातळ पडद्यावर तो म्हणजे मीटरमागे जवळजवळ 1 कोटी 80 लाख व्होल्ट! हा दाब थोडा बदलला की आवरणातील प्रथिनांच्या झडपांचा आकार बदलतो, त्या उघडतात किंवा मिटतात आणि हृदयाचा ठोका पडतो. अशा झडपेची रचना उलगडणाऱ्या रॉडरिक मॅकिनन यांना 2003 साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

बिघडते ते अतिरेकाने. आवरणावरचा दाब एका व्होल्टच्या आसपास गेला की त्यातील चरबीचे रेणू सरकतात, मध्ये पाणी घुसते आणि छिद्रे पडतात. बारीक छिद्रे आपोआप बुजतात, मोठी बुजत नाहीत. पोटॅशियम आणि मायोग्लोबिन हे स्नायूतील प्रथिन बाहेर गळते. पोटॅशियमने हृदयाची लय बिघडते, मायोग्लोबिन मूत्रपिंडात अडकते. लांब पेशींच्या टोकांशी दाब जास्त साचतो, म्हणून स्नायू आणि नसा आधी बळी पडतात. कातडी धड दिसते आणि आतला दंड मरत असतो. अमेरिकी शल्यविशारद राफाएल ली यांनी हा बिनउष्णतेचा घाव अनेक वर्षे अभ्यासला आहे.

हीच छिद्रे मोजून-मापून पाडली तर उपयोगी ठरतात. 1982 मध्ये एबरहार्ड नॉयमान आणि सहकाऱ्यांनी विजेच्या क्षणिक धक्क्यांनी उंदराच्या पेशींत जनुक घातले. आज हृदयाची अनियमित लय सुधारण्यासाठीही हे तंत्र वापरतात.

मग शेतावरून गेलेल्या टॉवर लाईनने पेशी फाटतील का? नाही. तारेला न शिवता खाली उभ्या माणसाच्या शरीरात बाहेरच्या क्षेत्राचा लाखाव्या हिश्श्याहूनही कमी भाग पोचतो. भीती स्पर्शाची, आणि 11 हजार व्होल्टच्या तारेच्या बाबतीत नुसते जवळ जाण्याचीही.

मोटारीच्या 415 किंवा घरच्या 230 व्होल्टच्या शॉकमध्ये मृत्यू येतो तो मुख्यतः हृदय थरथरत राहिल्याने. अशा रुग्णाचा ईसीजी ठीक असेल आणि त्रास काही नसेल, तर तो बहुधा घरी जाऊ शकतो. 11 हजारांच्या लाईनचा रुग्ण मात्र बोलत-चालत आला तरी दाखल करावाच लागतो. हात किंवा पाय घट्ट फुगणे, बोटे हलवताना असह्य कळ, कोऱ्या चहासारखी लघवी ही आतले स्नायू फुटल्याची चिन्हे आहेत. सलाईन किती लवकर सुरू होते, यावर मूत्रपिंडे वाचणे अवलंबून असते.

काही गावांत शॉक लागलेल्याला गळ्यापर्यंत मातीत पुरतात. अंगातली वीज उतरते म्हणे. मेन स्विच बंद झाला, तारेपासून माणूस सुटला, की अंगात वीज उरतच नाही. पुरण्यात जातात ती मोलाची मिनिटे. आधी वीज बंद करावी, तोवर त्याला हात लावू नये. मग श्वास पाहावा. श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला 100 ते 120 वेळा जोराने दाबत राहावे आणि दुसऱ्याने 108 ला फोन लावावा.