सरहद्द, शस्त्र आणि परवाना

धुळ्याहून सेंधव्याकडे जाणारा आग्रा महामार्ग शिरपूर तालुक्यातील पळासनेर मागे टाकतो आणि महाराष्ट्राची हद्द संपते. रावेरहून बऱ्हाणपूरकडे जाताना चोरवडचा नाका लागतो. चोपडा तालुक्याच्या उत्तरेस तर अनेर नदीच्या अलीकडे एक उमर्टी आणि पलीकडे, बडवानी जिल्ह्यात, दुसरी उमर्टी आहे. केळीचे ट्रक, मजुरांच्या टोळ्या आणि लग्नसराईतील वऱ्हाडे या वाटांनी सतत ये-जा करीत असतात. त्यांतील एखाद्याजवळ परवान्याची बंदूक असते. परवाना आहे म्हणजे ती कोठेही नेता येते, असा समज खानदेशात बराच रूढ आहे. तो बरोबर नाही.

शस्त्र अधिनियम, १९५९ हा केंद्राचा कायदा असून तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आहे. कायदा साऱ्या देशाला एकच असला तरी प्रत्येक परवाना किती प्रदेशात चालेल हे परवान्यावर नमूद असते. तो महाराष्ट्रापुरता असेल तर पळासनेरच्या पुढे त्याचा आधार राहत नाही. परवान्याच्या अटीचा भंग केल्यास कलम ३० अन्वये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंडाचा आकडा किरकोळ वाटेल. परंतु कलम १७ प्रमाणे परवानाच रद्द होऊ शकतो, हे धारकाने ध्यानात ठेवलेले बरे.

बंदूक मामाच्या नावावर आणि खांद्यावर भाच्याच्या, हाही प्रकार आढळतो. धारक समक्ष असेल किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल, तरच दुसऱ्याला ती नेता येते. आणि तीही दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा धारकाच्याच वापरासाठी. वरातीत बार उडविणे यांपैकी कशातच बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आनंदोत्सवातील अशा बेपर्वा गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. याच दुरुस्तीने एका व्यक्तीजवळील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. वाडवडिलांची बंदूकही या हिशेबात धरली जाते.

परवानाच नसलेल्या गावठी पिस्तुलाची गोष्ट वेगळी आणि अधिक गंभीर आहे. मध्य प्रदेशातील उमर्टी त्यासाठी अनेक वर्षे पोलिसांच्या नोंदीत आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवाईसाठी गेलेल्या चोपड्याच्या पथकातील एका पोलीस कर्मचाऱ्यास तेथे पळवून नेण्यात आले. काही तासांनी त्याची सुटका झाली. विनापरवाना पिस्तूल नुसते जवळ बाळगल्यास दोन ते पाच वर्षे कैद होते. ते बनविणाऱ्यास वा विकणाऱ्यास किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप आहे. खुणेविना असलेल्या शस्त्रांची देशांतर्गत ने-आणसुद्धा आता ‘अवैध व्यापार’ या व्याख्येत येते व तिला किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. चार पैशांसाठी दुसऱ्याची पिशवी नदीपार पोचविणाऱ्या तरुणास याची कल्पना क्वचितच असते.

कष्टकऱ्याचा विळा-कोयता मात्र या कायद्याच्या लेखी शस्त्र नव्हे. केवळ घरगुती वा शेतीच्या वापराकरिता बनविलेली साधने, साधी लाठीदेखील, व्याख्येतून वगळली आहेत. तलवार, भाला किंवा नऊ इंचांहून लांब पात्याचा सुरा यांना ही सूट नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालील मनाईहुकूम जारी असेल, तर लाठी घेऊन फिरण्यावरही बंदी येऊ शकते.

परदेशातून येणाऱ्यांसाठी कलम १० आहे. आयात-निर्यातीस परवाना लागतो. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या देशांच्या पर्यटकांना तेवढी केवळ क्रीडेसाठी, वाजवी प्रमाणात शस्त्र आणण्याची सवलत आहे.

परराज्यात बंदूक नेणे खरोखरच आवश्यक असेल तर परवान्याचे क्षेत्र वाढवून घेण्यासाठी जिल्हादंडाधिकारी कार्यालयात अर्ज करावा लागतो. चौकशीस वेळ जातो. लग्नाच्या आदल्या दिवशी केलेल्या अर्जाचा उपयोग होत नाही. अशा वेळी बंदूक घरीच कुलुपात ठेवून निघावे.